मालिकांच्या सावलीतली पुस्तके

आपल्याकडे आधी पुस्तक येते आणि मग मालिका. चि. वि. जोशींचा चिमणराव कागदावर अवतरला तो १९३० च्या दशकात. मुंबई दूरदर्शनवर तो आला सत्तरच्या दशकाच्या शेवटी. दिलीप प्रभावळकरांची 'अनुदिनी' आधी, 'श्रीयुत गंगाधर टिपरे' नंतर. रामायण-महाभारताचे तर बोलायलाच नको. त्यामुळे मालिका आधी आणि तिच्यावरून लिहिलेले पुस्तक नंतर, हा उलटा व्यवहार आपल्याला जरा चमत्कारिक वाटतो. पंगत उठून गेल्यावर कुणी जेवणाचे वर्णन छापून विकावे, तसा.

इंग्लंड-अमेरिकेत मात्र हा व्यवहार साठ वर्षांहून जास्त काळ चालू आहे. लेकीकडे लेस्टरला राहायला गेले होते तेव्हा तिथल्या जुन्या वस्तूंच्या धर्मादाय दुकानांत मला ही पुस्तके दिसली. सव्वाशे-दीडशे पानांची, पिवळ्या पडलेल्या कागदाची, वर भडक रंगातले चित्र. पन्नाशी-साठी ओलांडलेले गृहस्थ ती हातात घेऊन उभ्या उभ्या पाने चाळत होते. मालिका आज घरबसल्या पाहता येते, तरी हा माल का खपतो? बी.कॉम. झालेल्या बाईला हा प्रश्न पडणारच. तीन पुस्तके विकत घेतली, वाचली आणि मग त्यांचा इतिहास शोधत बसले.

बहुतेक पुस्तके 'डॉक्टर हू' या मालिकेवरची होती. ही बीबीसीची मालिका २३ नोव्हेंबर १९६३ रोजी सुरू झाली. डॉक्टर नावाचा एक गूढ प्रवासी, आणि त्याचे बाहेरून पोलिसांच्या निळ्या टेलिफोन खोक्यासारखे दिसणारे पण आतून वाड्याएवढे यान. त्यात बसून काळाच्या मागेपुढे कुठेही जायचे. सोबतीला सुरुवातीला दोन शिक्षक होते, एक विज्ञानाचा आणि एक इतिहासाची. मुलांना गोष्टीतून दोन्ही विषय कळावेत हा त्यामागचा हेतू. पुढे 'डालेक' नावाचे खलनायक आले आणि मुले पार वेडी झाली.

एक वर्षाच्या आत, १९६४ मध्ये, डेव्हिड व्हिटेकर यांनी डालेकांच्या त्या गोष्टीचे पुस्तक लिहिले. ते मालिकेचेच कथा-संपादक होते. म्हणजे पडद्यावर काय घडले हे त्यांच्याइतके कुणाला माहीत असणार? तरी त्यांनी सुरुवातच बदलली. मालिकेतली पहिली कथा बाजूला ठेवून त्यांचे पुस्तक धुक्याच्या रात्री एका मोटार अपघाताने सुरू होते, आणि सगळी हकिकत विज्ञानशिक्षक 'मी' म्हणून सांगतो. पडद्यावर नसलेला काचेचा एक डालेकही त्यांनी पुस्तकात घातला. नुसती नक्कल करायची तर हे कशाला केले असते? कथा सांगणाऱ्याला कागदावर आल्यावर मोकळीक मिळाली, असे मला वाटते. पडद्यावर काचेचा डालेक करायला खर्च येतो. शाईत तो फुकट होतो.

आता एक गोष्ट आजच्या मुलांना समजावून सांगावी लागते. त्या काळी कार्यक्रम एकदा दिसला तो दिसला. घरात रेकॉर्ड करायची सोय नव्हती आणि पुनःप्रक्षेपण क्वचित व्हायचे. मी पुण्याला मामांकडे राहून कॉलेज करत होते तेव्हा आमचेही तसेच होते. चिमणरावाचा एखादा भाग चुकला तर दुसऱ्या दिवशी मैत्रीण तो सांगायची. ती अभिनयासकट सांगायची आणि मधेच स्वतःचे दोन विनोद घालायची. काही भाग मी टीव्हीवर पाहिले की तिच्या तोंडून ऐकले, हे आज मला वेगळे करता येत नाही. इंग्लंडमधल्या मुलांना अशी मैत्रीण छापील मिळाली, एवढाच फरक.

त्या मैत्रिणीचे नाव 'टार्गेट'. या प्रकाशनाने १९७३ मध्ये साठच्या दशकातली डॉक्टर हूची तीन जुनी पुस्तके स्वस्त आवृत्तीत काढली. ती खपली, म्हणून नवी लिहून घ्यायला सुरुवात केली. टेरन्स डिक्स या एका माणसाने अशी साठाहून जास्त पुस्तके लिहिली. तेही आधी मालिकेचे पटकथा-संपादक होते. त्यांची भाषा सरळ, वाक्ये आखूड, वर्णन मोजके. समीक्षकांनी त्यांना कधी डोक्यावर घेतले नाही, पण आज इंग्रजीत लिहिणारे कितीतरी लेखक सांगतात की आपण वाचायला शिकलो ते डिक्सांच्या पुस्तकांवर. आपल्याकडे जे काम बाबूराव अर्नाळकरांच्या रहस्यकथांनी केले, त्याच जातीचे हे काम.

पण या पुस्तकांना खरी किंमत आली ती एका हिशेबामुळे.

बीबीसीने १९६७ ते १९७८ या काळात आपले जुने कार्यक्रम मोठ्या प्रमाणावर पुसले किंवा नष्ट केले. त्यामागे कुणाचा दुष्टपणा नव्हता. दोन इंच रुंदीची व्हिडिओ टेप महाग होती, पुसून पुन्हा वापरली की पैसे वाचत. कलाकारांच्या संघटनांशी झालेल्या करारांमुळे कार्यक्रम पुन्हा पुन्हा दाखवता येत नसे. रंगीत टीव्ही आल्यावर कृष्णधवल मालाला परदेशातही गिऱ्हाईक उरले नाही. न विकला जाणारा माल, त्याला लागणारी जागा आणि तिचा खर्च. माझ्या कॉलेजातल्या हिशेबाच्या सरांनीही असा साठा खात्यातून कमी करा असेच सांगितले असते. ताळेबंदात सगळे नीट बसत होते. फक्त 'ही वस्तू कुणाच्या आठवणीत आहे' असा रकाना ताळेबंदात नसतो.

परिणाम असा की मालिकेच्या पहिल्या सहा वर्षांत २५३ भाग झाले आणि त्यातले नव्वदहून अधिक भाग आज बीबीसीकडे नाहीत. 'मार्को पोलो' ही सात भागांची कथा पूर्ण गेली. या कथेचे पुस्तक पुढे जॉन लुकारोटी या तिच्या मूळ लेखकानेच लिहिले. म्हणजे लाखो लोकांनी पाहिलेली एक गोष्ट आज कुणाला वाचायची असेल, तर ती त्या स्वस्त, पिवळ्या पानांत आहे. ज्या महाग टेपवर ती होती, ती टेप कुठेच नाही.

आणखी एक गोष्ट वाचली. काही मुलांनी त्या काळात टीव्हीसमोर मायक्रोफोन धरून नुसता आवाज टेप केला होता. घरातले बोलणे त्यात येऊ नये म्हणून सगळ्यांना गप्प बसवून. या मुलांमुळे हरवलेल्या प्रत्येक भागाचा आवाज आज उपलब्ध आहे. चित्र गेले, पण ऐकलेले राहिले. मैत्रिणींनो, 'श्रुत' या शब्दाचा अर्थ मी किती वर्षे पाठ म्हणत आले आहे, पण लेस्टरच्या त्या खोलीत बसून तो मला नव्याने कळला.

या पुस्तकांतले मला सर्वांत आवडलेले पुस्तक माल्कम हल्क यांचे. १९७० मध्ये त्यांनी मालिकेसाठी एक कथा लिहिली होती. माणसांच्या आधी या पृथ्वीवर बुद्धिमान सरपटणाऱ्या प्राण्यांची वस्ती होती. ते जमिनीखाली दीर्घ निद्रेत गेले आणि आता जागे होत आहेत. घर त्यांचे, पण त्यात आता आपण राहतो. डॉक्टर दोन्ही बाजूंनी समेट घडवायचा प्रयत्न करतो. शेवटी सैन्य त्यांच्या गुहा उडवून देते. पडद्यावर हे प्राणी म्हणजे रबरी मुखवटे घातलेले नट. त्यांना नावेही नाहीत. १९७४ मध्ये हल्क यांनी त्याच कथेचे पुस्तक केले तेव्हा त्यांनी या प्राण्यांना नावे दिली, आणि पुस्तकाची सुरुवातच त्यांच्यातल्या एकाच्या नजरेने केली. निद्रेत जाण्यापूर्वी तो आपल्या जगाकडे पाहतो आहे. वाचणाऱ्या दहा वर्षांच्या मुलाला कळते की ज्याला आपण राक्षस म्हणतो त्यालाही घर आहे, मित्र आहेत, भीती आहे.

हा अनेकान्त. हल्क यांनी तो शब्द ऐकला होता की नाही याने काही बिघडत नाही. दुसऱ्याच्या जागी उभे राहून तीच घटना पाहायची, हे मुखवट्याआडून दाखवणे अवघड होते. कागदावर ते दोन पानांत झाले. अशा वेळी मूळ मालिका श्रेष्ठ आणि पुस्तक दुय्यम असे म्हणवत नाही. एका वस्तूच्या दोन बाजू दोघांनी दाखवल्या.

चित्रकथांची गंमत तर आणखी निराळी. 'टीव्ही कॉमिक' या साप्ताहिकात नोव्हेंबर १९६४ पासून डॉक्टरची चित्रकथा येऊ लागली. तिच्यात डॉक्टरबरोबर जॉन आणि गिलियन ही त्याची नातवंडे हिंडतात. मालिकेत ही मुले कधीच नव्हती! मालिकेतल्या सोबत्यांचे हक्क साप्ताहिकाकडे नव्हते, म्हणून दोन नातवंडे घरचीच तयार केली. दुसऱ्या एका साप्ताहिकात, 'टीव्ही सेंच्युरी ट्वेंटीवन'मध्ये, १९६५ पासून डालेकांची चित्रकथा रंगीत छापली जात होती. मालिका रंगीत झाली ती जानेवारी १९७० मध्ये. मालिकेतले डालेक कृष्णधवल होते तेव्हा मुलांना ते कागदावर रंगीत दिसत होते.

अमेरिकेत 'स्टार ट्रेक'चे असेच. ही मालिका १९६६ ते १९६९ चालली, ७९ भाग झाले आणि बंद पडली. आपल्या दूरदर्शनवरही ती १९८० च्या दशकात दाखवली गेली, काहींना आठवत असेल. तिची चित्रकथा 'गोल्ड की' कंपनीने १९६७ मध्ये सुरू केली आणि ती १९७९ पर्यंत चालली, एकूण ६१ अंक. म्हणजे मालिकेपेक्षा चित्रकथेचे आयुष्य मोठे. तिची बरीचशी चित्रे काढली अल्बेर्तो जोलित्ती या चित्रकाराने, इटलीत बसून. मालिका तेव्हा इटलीत दिसतच नव्हती! प्रसिद्धीसाठी पाठवलेले फोटो समोर ठेवून तो चित्रे काढत होता. त्यामुळे सुरुवातीच्या अंकांत त्या अवकाशयानाच्या मागून अग्निबाणासारख्या ज्वाळा निघतात. पडद्यावर तसे कधी नव्हते. चाहते या ज्वाळांना आजही हसतात आणि तेच अंक जपून ठेवतात.

त्याच मालिकेच्या भागांच्या कथा जेम्स ब्लिश यांनी १९६७ पासून पुस्तकरूपात लिहिल्या. त्यांच्या हातात बहुतेक वेळा पटकथा असायची, तीही कधी कधी आधीच्या खर्ड्याची. म्हणून पुस्तकात काही प्रसंग पडद्यापेक्षा वेगळे घडतात. १९७५ मध्ये ते वारले, आणि बाराव्या भागाचे उरलेले काम त्यांच्या पत्नीने पूर्ण केले.

या सगळ्यात समान धागा शोधला तर तो मला असा दिसतो. या पुस्तकांचे आकर्षण ती हुबेहूब आहेत म्हणून नाही. ती थोडी चुकलेली आहेत, थोडी अपुरी आहेत, आणि त्या अपुऱ्या जागेत वाचणाऱ्याला बसायला जागा मिळते. 'सायबरमेनची कबर' या अर्थाच्या नावाची डॉक्टर हूची एक कथा १९६७ मध्ये दाखवली गेली आणि नंतर नष्ट झाली. १९७८ मध्ये तिचे पुस्तक आले. पुढची चौदा वर्षे मुलांनी ती पुस्तकातून मनातल्या मनात पाहिली. मग तिचे चारही भाग हाँगकाँगमध्ये सापडले आणि १९९२ मध्ये लोकांसमोर आले. आनंदीआनंद झाला. पण काही जणांना ती कबर मनातल्या कबरीपेक्षा लहान वाटली. सेट तो, किती मोठा असणार? त्यांच्या पुस्तकातली कबर मात्र डोंगराएवढी होती. पुढे २०१३ मध्ये आफ्रिकेतल्या नायजेरियात आणखी नऊ भाग मिळाले. कुठे कुठे पाठवलेल्या प्रतींपैकी एखादी विसरली गेली, म्हणून वाचली.

इथे मला आपली श्रुतपंचमी आठवते. दर्जाची तुलना मी करत नाही. कुठे जिनवाणी आणि कुठे मुलांची करमणूक! पण वस्तू टिकते कशी, हरवते कशी, याचे नियम दोन्हीकडे सारखेच असतात. गिरनारच्या चंद्रगुहेत वृद्ध धरसेनाचार्यांना वाटले की आपल्यामागे हे ज्ञान कुणाच्या कंठात राहणार नाही. त्यांनी पुष्पदंत आणि भूतबली या दोन मुनींना बोलावून ते दिले, आणि त्यातून षट्खंडागम लिहिला गेला. ज्येष्ठ शुद्ध पंचमीला आपण शास्त्रे काढून झाडतो, नवे वेष्टन घालतो, ते त्याची आठवण म्हणून. बारा अंगांपैकी बाकी किती गेले! नवव्या शतकात वीरसेनाचार्यांनी धवला टीका लिहिली, तिच्यात गेलेल्या अंगांची नोंद मात्र आहे. आचारांगाची पदे १८,०००, सूत्रकृतांगाची ३६,०००, स्थानांगाची ४२,०००, आणि कोणत्या अंगात काय विषय होता तेही. माल गेला, पण खतावणी राहिली. मला ती यादी वाचताना नेहमी भरून येते. हरवलेल्या भागांची नावे आणि तारखा पाठ असणारे ते इंग्रज गृहस्थ मला म्हणूनच परके वाटले नाहीत.

टिकण्याचा दुसरा नियम प्रतींचा. दहाव्या शतकाच्या अखेरीस कर्नाटकात दानचिंतामणी अत्तिमब्बेने पोन्न कवीच्या शांतिपुराणाच्या एक हजार ताडपत्री प्रती करवून वाटल्या. एका हातातले पुस्तक जळते, भिजते, वाळवी खाते. हजार हातांत गेलेले पुस्तक कुठेतरी उरते. बीबीसीची टेप एक होती, टार्गेटची पुस्तके घरोघर होती. महाग आणि एकुलते यापेक्षा स्वस्त आणि पुष्कळ हेच शेवटी जास्त टिकाऊ ठरते.

मग अपरिग्रहाचे काय, असे तुमच्यापैकी कुणीतरी विचारेलच. घरात रद्दीचा डोंगर करायचा का? नाही. अत्तिमब्बेने हजार प्रती स्वतःच्या कोठीत ठेवल्या असत्या तर तो परिग्रह झाला असता. तिने त्या दिल्या. आपल्या चार दानांत शास्त्रदान आहे ते याचसाठी. मी आणलेली तीन पुस्तकेही नातवाला दिली आहेत. वाचून झाली की मित्राला दे, एवढे सांगून.

हे सगळे लिहायला एक कारण घडले आहे. माझ्या सासूबाई भाद्रपदात व्रतकथा सांगायच्या. सुगंधदशमीची कथा त्यांच्यासारखी कुणी सांगितलेली मी ऐकली नाही. दुर्गंधेची दशा सांगताना त्या पदर नाकाला लावायच्या आणि बारकी पोरे खरोखर वास शोधायची. त्यांचा आवाज कुणी टेप केला नाही. लेक म्हणते, आई, तू लिहून ठेव. मी वही घेऊन बसते आणि चार ओळींत कळते की हे त्यांचे नव्हे. पदर नाही, आवाज नाही, मधेच दिलेल्या खाकरणीचा विराम नाही. कथा तर छापील मिळतेच. डॉ. हीरालाल जैन यांनी सुगंधदशमी कथेची पाच भाषांतली रूपे एकत्र संपादित केली आहेत. त्यांत जिनसागर यांची मराठी कथाही आहे, आणि तिच्या हस्तलिखितात रंगीत चित्रे आहेत. म्हणजे आपल्या पूर्वजांची चित्रकथाच ती! मग माझ्या अपुऱ्या वहीची गरज काय?

त्या पिवळ्या पुस्तकांनी मला याचे उत्तर दिले. पाच भाषांतल्या पाच कथा एकसारख्या नाहीत, आणि म्हणूनच त्या पाचही ठेवल्या गेल्या. जोलित्तीने न पाहिलेले यान काढले, डिक्सांनी पडद्यावरचा दीड-दोन तासांचा ऐवज सव्वाशे पानांत बसवला, हल्क यांनी मुखवट्याला नाव दिले. यांतले कुणी मूळ वस्तू परत आणली नाही. पण ज्याने ती कधी पाहिली नव्हती अशा माणसाच्या मनात त्यांनी ती पुन्हा उभी केली. सासूबाईंचा पदर मला वहीत उतरवता येणार नाही. 'इथे त्या पदर नाकाला लावत' एवढे मात्र मी लिहू शकते. वाचणारी पणती आपल्या मनाने तो पदर रंगवेल. कदाचित चुकीच्या रंगाचा रंगवेल. चालेल.

आतापर्यंत सात कथा झाल्या आहेत. पर्युषणापर्यंत अकरा व्हाव्यात अशी इच्छा आहे. वहीच्या झेरॉक्स प्रती काढून सगळ्या नणंदा-जावांना आणि भाच्यांना एकेक देणार आहे. तुमच्या घरात कुणी अजून अशा कथा सांगत असेल, तर आज रात्रीच फोनमध्ये आवाज टेप करा, आणि नंतर हातानेही लिहा. जमेल तसे लिहा. आणि एकच प्रत ठेवू नका.

जय जिनेंद्र.